शेळीची वसुबारस

तुमच्या आईला शेळीचे खूर छाटता येतात, हे तिने तुम्हाला सांगितलं नसणार. सांगितलं तर पुढचंही सगळं सांगावं लागेल, म्हणून ती टाळते. तेव्हा मीच लिहून ठेवते. मला तारीखवार लिहायची सवय आहे, पण त्या वर्षाची माझी वही दुबई सोडताना कुठेतरी राहिली. जेवढं पक्कं आठवतं तेवढंच लिहीन.

आम्ही तेव्हा अल कुसैसला राहायचो. तुमचे आजोबा एका बांधकाम कंपनीत सिव्हिल इंजिनियर होते आणि मी ऊद मेथाच्या एका भारतीय शाळेत बायोलॉजी शिकवायचे. आमच्या खालच्या मजल्यावर रत्नागिरीकडचं एक मुसलमान कुटुंब राहायचं. त्यांचा चाऱ्याचा आणि शेळ्या-मेंढ्यांचा व्यापार होता. दुकान कुसैसमध्येच, आणि शहराबाहेर, जिथे डांबरी रस्ता संपून वाळू सुरू होते तिथे, त्यांचा शेळ्यांचा गोठा. त्यांची मुलगी तुमच्या आईच्या वर्गात होती. दोघी एकाच बसने जायच्या आणि एकाच डब्यातून जेवायच्या.

एकदा त्या दोघींच्या वर्गात मी विचारलं, रवंथ करणारा प्राणी प्रत्यक्ष कोणी पाहिलाय? चाळीस मुलांत फक्त शेजाऱ्यांच्या मुलीचा हात वर. बाकीच्यांतला एक म्हणाला, "ऑन टीव्ही, मिस." मी संध्याकाळी हे शेजाऱ्यांना हसत सांगितलं. ते म्हणाले, "मग आणा की पोरांना गोठ्यावर. जागा आहे, बकऱ्या आहेत, वर आमचा चाचा आहे शिकवायला." चाचा म्हणजे त्यांचा म्हातारा पठाण गुराखी.

अशी आमच्या बिल्डिंगच्या आणि आसपासच्या मुलांच्या शेळी-क्लबची सुरुवात झाली. दर शुक्रवारी सकाळी सात वाजता. दोन मुलांत मिळून एक शेळी. तिचं वजन घ्यायचं, खूर बघून छाटायचे, लसूणघास किती खाल्ला ते लिहायचं. मी तक्ते केले, वह्या आखल्या, नियम लिहून गोठ्याच्या पत्र्यावर डकवले. पहिला नियम होता: चाचाला विचारल्याशिवाय शेळीला काहीही खायला घालायचं नाही. तो मीच लिहिला होता.

क्लबच्या पहिल्या हिवाळ्यात मंदी ही आमच्यासाठी अमेरिकेची बातमी होती. उन्हाळ्यानंतर ती बिल्डिंगमध्ये आली. समोरच्या दोन क्रेन कधी हलेनाशा झाल्या ते नेमकं कळलं नाही, पण एक दिवस त्यांच्याकडे बघून तुमच्या आजोबांनी पडदा ओढून घेतला, ते आठवतं. शुक्रवारी मी हजेरी घ्यायचे तेव्हा एखादं नाव पुकारलं की कुणीतरी दुसरंच मूल सांगायचं, "दे लेफ्ट, आंटी." शाळेचा दाखला, सामानाचे खोके, विमानतळ. निरोप घ्यायलाही वेळ नसायचा. मग त्या मुलाची शेळी मी दुसऱ्या जोडीला द्यायचे.

आणि एक गंमत अशी, की मुलं कमी होत होती पण क्लब वाढत होता. आईबाप यायला लागले. पूर्वी शुक्रवार म्हणजे मॉल. आता मॉलमध्ये जायचं कुणाचं मन होईना. गोठ्यावर येणं फुकट होतं. बाप लोक सावलीची जाळी बांधायचे, पाण्याची टाकी धुवायचे. बायका कांदेपोहे आणायच्या. चाचाला पोहे फार आवडायचे, पण मोहरी काढून खायचा. कामात हात गुंतले की माणसं बोलायची, आणि बोलता बोलता एकमेकांच्या चेहऱ्याचा अंदाज घ्यायची. कुणाचं काय चाललंय हे सरळ कुणी विचारत नसे.

माझी काळजी अगदी एका वाक्यात सांगता येण्यासारखी होती. तुमची आई दहावीत होती, बोर्डाची परीक्षा मार्चमध्ये होती, आणि तिचा व्हिसा तुमच्या आजोबांच्या नोकरीवर होता. नोकरी गेली तर महिन्याभरात देश सोडायचा. वर्षाच्या मध्येच दहावीच्या मुलीला भारतात कोणती शाळा घेणार? माझा पगार तिघांचा व्हिसा करण्याइतका नव्हता. मार्चपर्यंत, एवढंच मी मागत होते. त्यांच्या कंपनीत कपातीची पत्रं गुरुवारी संध्याकाळी वाटायचे. दर गुरुवारी लिफ्टचं दार उघडल्याचा आवाज आला की मी गॅस बारीक करायचे. ते आत येऊन बूट काढत म्हणायचे, "आहे अजून." मग मी गॅस मोठा करायचे.

ऑक्टोबरात तुमच्या आईची आणि तिच्या मैत्रिणीची शेळी व्यायली. दोन करडं झाली, एक पांढरं, एक कानापाशी तांबूस. त्या दोघींनी आठवडाभर अभ्यासाच्या पुस्तकाला हात लावला नाही. त्याच सुमारास आमच्यातल्या एकीने कल्पना काढली. "वसुबारस आलीये. गाय-वासरू इथे कुठून आणणार? पण शेळी-करडू आहे की!"

वसुबारस तुम्हाला माहीत नसेल. दिवाळीचा पहिला दिवस. त्या दिवशी वासरासह गायीची पूजा करतात, तिला नैवेद्य भरवतात, मुलाबाळांना सुख मागतात. गायीच्या जागी शेळी चालेल का यावर पोह्यांच्या पातेल्याभोवती बरीच चर्चा झाली. एकीने सांगलीला सासूबाईंना फोन लावला. स्पीकरवरून उत्तर आलं, "चार पाय आहेत ना? दूध देते ना? मग करा. देवाला काय दुबईत गाय मिळत नाही हे कळत नाही होय?" शेजारीणबाईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, "लावा तुमची हळद. फक्त तिच्या डोळ्यांत जाऊ देऊ नका."

वसुबारस गुरुवारी होती. आम्ही ती शुक्रवारी केली, आणि संध्याकाळऐवजी सकाळी, कारण क्लबची वेळ ती. मी यादी केली. कुणी बाजरीच्या भाकऱ्या आणायच्या, कुणी भिजवलेली हरभराडाळ, कुणी गूळ, कुणी लापशी. खाली लिहिलं, प्रत्येकी एक घास. चौदा कुटुंबं आली. एवढी गर्दी गोठ्यावर कधी झाली नव्हती. चाचा नेमका सकाळी बाजारात शेळ्या पोचवायला गेला होता, आणि कुणालाही, मलासुद्धा, त्याची वाट बघावीशी वाटली नाही.

सुरुवात छान झाली. शेळी शांत उभी होती, करडं ढुशा मारत होती. कपाळावर कुंकू, गळ्यात झेंडूची माळ. माळ तिने पहिल्या पाच मिनिटांतच खाल्ली आणि सगळे हसले. मग घास सुरू झाले. आईने दिला, मग बापाने, मग मुलांनी. एकीने दिला आणि पुन्हा रांगेत उभी राहिली. एक गृहस्थ, एरवी देवाचं नाव न घेणारे, डोळे मिटून ओंजळभर डाळ भरवत होते. त्यांना एक घास म्हणून कसं थांबवणार? प्रत्येक जण शेळीच्या कानाशी वाकत होता आणि ओठ हलत होते. कुणी काय मागितलं ते मला माहीत आहे, कारण मीही तेच मागितलं. मी तीन घास दिले. तिघांचे तीन. दहा वाजता ती तोंड फिरवायला लागली, तेव्हा कुणीतरी म्हणालं, "गूळ लावून द्या, खाईल." आणि तिने खाल्लं.

सगळे घरी गेले. शेजारी नमाजाला गेले. तीनच्या सुमाराला तुमच्या आईचा फोन आला. ती मैत्रिणीबरोबर गोठ्यावरच थांबली होती. "आई, कम फास्ट. शी इज नॉट चूइंग."

आम्ही पोचलो तेव्हा शेळी पाय फाकवून उभी होती. डावी कूस ढोलासारखी वर आली होती. ती दात खात होती. रवंथ बंद. करडं आचळाला लागायला बघत होती आणि ती लाथ मारत होती. कपाळावरचं कुंकू तसंच. बायोलॉजीच्या पुस्तकात मी हे शिकवलं होतं: चार कप्प्यांचं पोट, धान्य जास्त झालं की आत आंबतं, गॅस कोंडतो, जनावर गुदमरून मरतं. परीक्षेत पाच मार्कांना यायचं.

शेजाऱ्यांची मुलगी माझ्याकडे बघत होती. एरवी मान वर करून न बोलणारी मुलगी. म्हणाली, "आंटी, यू टीच बायोलॉजी, ना?"

तुमची आई खाली मान घालून शेळीची कूस चोळत राहिली.

चाचा परतला होता. गव्हाणीत उरलेली डाळ-भाकरी त्याने बोटाने चाळली, वास घेतला. "कितना खिलाया?"

"थोडा थोडा," मी म्हटलं.

"कितने लोगों ने?"

"चौदा घर. सब लोग."

त्याने कपाळाला हात लावला. "बीबी, ये बकरी है, बारात नहीं."

जनावरांच्या डॉक्टरांचे दोन फोन शुक्रवार म्हणून बंद. तिसरा शारजाहून यायला तयार होता, पण दोन तास लागतील म्हणाला. चाचा थांबला नाही. त्याने मला किराणा दुकानात पिटाळलं, खाण्याचा सोडा आणि गोडंतेल आणायला. रस्त्याकडेच्या कडुलिंबाची काडी तोडून शेळीच्या तोंडात आडवी बांधली, म्हणजे ती चघळत राहील आणि लाळ सुटेल. तेलात सोडा कालवून बाटलीने थोडा थोडा पाजला. मग तिचे पुढचे पाय वाळूच्या उंचवट्यावर ठेवून तुमच्या आजोबांनी तिला धरलं, आणि आम्ही आळीपाळीने डावी कूस चोळत राहिलो. मध्ये मध्ये दोघी मुली तिला चालवायच्या. चार पावलं चालायची आणि गुडघे टेकायची.

शेजारी नमाजाहून घरी जाऊन, जेवून, बातमी कळताच आले. मला वाटलं आता ओरडतील. त्यांनी शेळी बघितली, मग माझ्याकडे. "वहिनी, बकरीला वाढलंत की गावजेवण घातलंत?" हसले नाहीत. बाह्या सरसावून आजोबांच्या जागी उभे राहिले.

सूर्य कलला तेव्हा तिला पहिली ढेकर आली. असा आंबूस वास की मुली नाक धरून पळाल्या, आणि चाचा म्हणाला, "शुकर!" डॉक्टर त्यानंतर आले, इंजेक्शन दिलं, म्हणाले, सकाळपर्यंत काही सांगता येणार नाही. आम्हाला घरी पाठवलं. घरी कोणी जेवलं नाही.

शनिवारी सकाळी शेजारी जिना चढून वर आले. दारातच म्हणाले, "जगली." तुमच्या आईने माझा दंड धरला. "पण दूध गेलं तिचं. डॉक्टर बोलला, परत येईलसं दिसत नाही."

म्हणजे आता करडांचा प्रश्न. दहा दिवसांची करडं. दिवसातून चार वेळा बाटलीने दूध: सकाळी सात, अकरा, दुपारी तीन, संध्याकाळी सात. एक वेळ चुकली तर इतक्या लहान जिवाला महाग पडतं. चाचा एकटा आणि शेळ्या सत्तर. शेजारी म्हणाले, आम्ही काहीतरी करू. मी म्हटलं, नाही, हे आम्ही केलंय.

त्याच संध्याकाळी आमच्या हॉलमध्ये क्लबची बैठक भरली. चौदा घरांपैकी बारा आली. मी मोठ्या कागदावर तक्ता आखून आणला होता: सात वार, चार वेळा, अठ्ठावीस चौकोन. कुणी कुणाला दोष दिला नाही. सगळ्यांनीच भरवलं होतं. मी पेन ठेवलं आणि कागद फिरायला लागला.

सकाळी सात आणि संध्याकाळी सात पाच मिनिटांत भरले. शुक्रवार-शनिवार पूर्ण भरले. मग कागद थबकला. रविवार ते गुरुवार, अकरा आणि तीन. गोठ्याला बस नव्हती, गाडी लागायची. आमच्यात गाडी चालवणाऱ्या बायका दोनच, आणि दोघी नोकरीवर. कामाच्या दिवशी सकाळी अकरा वाजता वाळवंटात जाऊन करडाला दूध कोण पाजू शकेल? ज्याला ऑफिस नाही तो. हे तक्ता आखताना माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. चौकोन दिसले, ते भरायचे होते, एवढंच. आता खोलीतल्या सगळ्यांना एकदम ते कळलं आणि कुणी कुणाकडे बघेना.

मी कागद परत घ्यायला हात पुढे केला. म्हटलं, "राहू दे, चाचाला विनंती करू."

तेवढ्यात ओंजळभर डाळ भरवणाऱ्या त्या गृहस्थांनी पेन उचललं. रविवार, अकरा. सोमवार, अकरा. लिहून झाल्यावर म्हणाले, "मला वेळच वेळ आहे हो." त्यांच्या बायकोला माहीत होतं असं दिसलं, कारण ती रडली नाही, नुसता पदर नीट केला. मग आणखी एकाने बुधवार, गुरुवार घेतले. कुणीतरी म्हणालं, "अरे, मग दुपारी तीनचे चार चौकोन मला द्या, मी काय घरी बसून सीलिंग मोजतोय." हसू आलं सगळ्यांना, जरा जास्तच आलं. आणि कागद तुमच्या आजोबांच्या मांडीवर आला.

मी म्हटलं, "अहो, इकडे द्या तो."

त्यांनी दिला नाही. खिशातलं स्वतःचं पेन काढलं आणि मंगळवारच्या अकराच्या चौकोनात नाव लिहिलं. त्यांचं अक्षर इंजिनियरच्या नकाशावरचं असतं तसं, सुटं आणि सरळ. खाली तीनच्या चौकोनातही.

तुमची आई दारात पाण्याचा ट्रे घेऊन उभी होती. तिने तो सगळ्यांपुढे फिरवला, एकही ग्लास न सांडता, आणि खोलीत जाऊन दार लावून घेतलं.

मंगळवारी मी शाळेतून अर्धी रजा काढली आणि त्यांच्याबरोबर गोठ्यावर गेले. शनिवारपासून आम्ही त्यावर एक अक्षर बोललो नव्हतो. त्यांनी तांबूस कानाचं करडू गुडघ्यांत धरलं होतं. बाटली कशी तिरकी धरायची ते चाचाने त्यांना दाखवलं होतं.

"किती दिवस झाले?" मी विचारलं.

"पत्र मिळून तीन आठवडे. नोटीस काळ घरीच काढा म्हणाले. नोव्हेंबरअखेर व्हिसा कॅन्सल."

"मग रोज टाय लावून कुठे जात होतात?"

"राशिदियापर्यंत बसने. तिथून मेट्रो. ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत." बाटली सारखी करत म्हणाले, "नवी आहे. एसी चांगला आहे."

मला राग यायला हवा होता. आलाही. पण करडू दूध ओढताना शेपटी इतकी जोरात हलवत होतं की रागावर लक्षच ठेवता येईना. मी एवढंच म्हटलं, "तीन गुरुवार मी गॅस बारीक-मोठा केला. तुमचं 'आहे अजून' ऐकून."

"ते खोटं नव्हतं," ते म्हणाले. "मी होतो की अजून."

नोव्हेंबरअखेर व्हिसा गेला म्हणजे महिन्याभरात, डिसेंबरअखेर निघायचं. मार्च तिथून दोन महिने लांब. मी पुण्यातल्या शाळांना ईमेल पाठवायला लागले. उत्तरं एकसारखी यायची: दहावीला मध्ये प्रवेश नाही. तुमची आई अभ्यास करायची, पण पुस्तकाचं पान बराच वेळ उलटायची नाही. मी बघतेय हे कळलं की उलटायची.

आजोबांना मात्र गोठ्यावर काम सापडलं. करडं बाटलीसाठी भांडतात म्हणून त्यांनी लाकडाची एक चौकट केली, दोन बाटल्या एकाच वेळी बसतील अशी. मग चारा वाया जातो म्हणून नवी गव्हाण आखली. त्यांच्याबरोबर अकरा वाजताचे बाकीचे बाप लोकही लागले, आपला वार नसला तरी यायचे. त्यात एक ड्राफ्ट्समन होता, एक इलेक्ट्रिशियन. चाचा त्यांना "कंपनी" म्हणायचा. "आज कंपनी लेट आया."

शेजारी दोन आठवडे हे नुसतं बघत होते. एका संध्याकाळी घरी आले, चहा अर्धा प्यायले आणि आजोबांना म्हणाले, "भाऊसाहेब, शारजाच्या बाजूला दुसरा गोठा बांधतोय. बांधायला कोणी पाहिजे आणि दुकानातला चाऱ्याचा स्टॉक बघायला पण. पगार तुमच्या साईटसारखा नाय द्यायला जमणार. व्हिसा देतो."

"चारा विकायचा?" आजोबा म्हणाले.

"विकायचा, उचलायचा पण. गठ्ठे जड असतात."

आजोबांनी माझ्याकडे पाहिलं नाही. आत तुमच्या आईच्या खोलीच्या बंद दाराकडे पाहिलं. म्हणाले, "कधीपासून येऊ?"

तेवढ्याने काम भागलं नाही. जुन्या कंपनीचं ना-हरकत पत्र लागणार होतं, नाहीतर सहा महिने दुसरीकडे काम करता येणार नाही, अशी भीती सगळे घालत होते. तिथल्या एचआरची माणसंच कपातीत गेलेली. पत्रावर सही करायला कोण ते कळेना. "बुक्रा, इन्शाल्ला," म्हणजे उद्या, देवाची इच्छा असेल तर. हे मी त्या महिन्यात किती वेळा ऐकलं असेल. जुना व्हिसा संपला आणि नवा झाला नाही, असे काही आठवडे गेले. त्या आठवड्यांत मी एकही सुटकेस माळ्यावरून खाली काढली नाही आणि एकही नवी वस्तू घरात आणली नाही. करडांचं वजन मात्र दर शुक्रवारी घेतलं. वाढत होतं.

आजोबांच्या पासपोर्टवर शिक्का मिळाला, तरी मुलीचा व्हिसा त्यावर पुन्हा चढवायचा होता. तो झाला तेव्हा जानेवारी अर्धा उलटला होता. मी तिचा पासपोर्ट टेबलावर उघडून ठेवला, तिच्या गणिताच्या वहीवर. तिने तारीख वाचली, बोटांवर महिने मोजले, मार्चच्या पुढेपर्यंत. खाली मैत्रिणीला हाक मारून सांगायला खिडकीपर्यंत गेली, तिथून वळून माझ्याकडे बघितलं.

"सो आय स्टिल हॅव टु राइट मॅथ्स?"

"हो," मी म्हटलं. "बस आता."

ती बसली.